जुन्या दप्तरात सापडलेले आपले पूर्वज

(श्री भैरवनाथ मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात ग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



कीर्तनकारांच्या आधी एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाला बोलायला उभे करणे म्हणजे समितीने माझ्यावर अन्यायच केला आहे, आणि तुमच्यावरही. पण समितीने मजकडे एक काम सोपवले होते, त्याचा हिशेब देणे माझे कर्तव्य आहे. देणगीचा हिशेब खजिनदार देतील. मी पूर्वजांचा हिशेब देतो.

आपले जुने देऊळ उतरवायला घेतले तेव्हा सभामंडपात एक शिळा बसवावी आणि तीवर गावातील प्रत्येक घराण्याच्या मूळ पुरुषाचे नाव कोरावे, असे ठरले होते. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला, आणि दुसऱ्याच दिवशी भांडणे सुरू झाली. कोणाचा मूळ पुरुष आधीचा, कोणाची आळी थोरली, पालखीचा पहिला खांदा कोणाचा! अखेर अध्यक्ष मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही तालुक्याला जाऊन कागद बघा. कागद म्हणेल ते खरे." मीही मोठ्या उत्साहाने हो म्हणालो. त्या वेळी मला कल्पना नव्हती की कागद सर्वांत आधी माझ्याच घराचा खोटेपणा बाहेर काढणार आहे.

आधी मी कोठे कोठे गेलो ते सांगतो, म्हणजे ज्यांना आपल्या घराचा शोध घ्यावयाचा आहे त्यांचे हेलपाटे वाचतील.

माझा पहिला समज असा होता की जनगणनेत सगळे सापडेल. आपल्याकडे पहिली जनगणना १८७२ साली झाली. सर्व देशात एकाच वेळी शिरगणती झाली ती १८८१ साली, आणि तेव्हापासून १९४१ च्या युद्धकाळातही, थोडक्यात का होईना, २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली. घरोघर जाऊन नाव, वय, धर्म, धंदा सारे विचारीत. मग आपल्या पणजोबांचे नाव तेथे असणारच, असे मी धरून चाललो होतो. पण चौकशी केल्यावर कळले, की घरोघर भरलेली ती पत्रके जपून ठेवली जातच नाहीत. त्यांवरून आकड्यांची कोष्टके तयार होतात, छापील ग्रंथ निघतात आणि मूळ पत्रके नष्ट केली जातात. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे कोणा एका माणसाची माहिती दुसऱ्याला दाखवता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. इंग्लंडात शंभर वर्षांनी ही पत्रके लोकांना खुली करतात. तेथला माणूस १९२१ साली आपले आजोबा कोणत्या घरात राहत होते ते आज वाचू शकतो. आपल्याला ती सोय नाही. आपल्या गावात किती डोकी होती ते जनगणना सांगेल, पण ती डोकी कोणाची होती ते सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट समजली ती ऐकून मी गप्प झालो. जुन्या जनगणनांत गणती करणाऱ्यांना अशी सूचना असे की घरातील बाईचे नाव सांगायला कोणी हरकत घेतली तर नुसते 'स्त्री' असे लिहावे. म्हणजे ती पत्रके शिल्लक राहिली असती तरी आपल्या कित्येक आज्या-पणज्या त्यात नुसत्या 'स्त्री' म्हणूनच भेटल्या असत्या.

दुसरे दप्तर मात्र फार मोलाचे आहे. ते म्हणजे गाव नमुना नंबर १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. जुनी माणसे याला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मले, कोण गेले ते यात लिहीत. जुन्या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज करावा, फी भरावी, आणि धीर धरावा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुष्कळ नोंदी मोडीत आहेत, म्हणून मोडी वाचणारा माणूस सोबत न्यावा. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा हीच दप्तरे फडक्यांतून बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. दाखला हा ज्याच्या त्याच्या गरजेचा भाग आहे, त्याबद्दल मला काही म्हणावयाचे नाही. माझे म्हणणे एवढेच, की वही उघडलीच आहे तर जातीच्या रकान्याशेजारचा नावाचा रकानाही वाचावा.

आता या वहीतले खाचखळगे ऐका. पहिली गोष्ट, आडनाव बहुधा नसते. 'अमुक बिन तमुक' असे असते. बिन म्हणजे मुलगा. आणि आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल, त्यामुळे एकाच नावाचे दोन-तीन पुरुष सापडतात. बापाचे नाव, साल आणि वय तिन्ही जुळल्याशिवाय हा आपलाच म्हणून घाई करू नये. दुसरी गोष्ट, वय अंदाजाने लिहिलेले असते. पंचवीस, तीस, चाळीस, साठ अशीच वये दिसतात. एकतीस आणि त्रेचाळीस क्वचित. तिसरी गोष्ट, मृत्यूचे कारण. त्यासाठी ठरावीक सदरे असत. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, जखमा, इतर. गावात डॉक्टर नाही, मग जो कशाने गेला ते कळले नाही तो तापाने गेला. आपले निम्मे पूर्वज तापाने गेले आहेत!

या वहीच्या जोडीला जमिनीचे कागद पाहावेत. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही. खातेदार मयत झाला की वारसाची नोंद होते आणि त्यात कोण कधी गेले, मागे मुले किती, विधवा कोण, हे सारे येते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथे आपले कोणी गेले असेल तर तेथील उपाध्यांच्या वह्यांत घराण्याची नामावळ निघू शकते. कृष्णाकाठी आणि त्याच्या दक्षिणेला हेळवी येतात; बैलावर बसून दारात यायचे आणि कुळी वाचून दाखवायचे. लहानपणी आम्ही त्यांना हसायचो. आज वाटते, पायलीभर जोंधळे देऊन ती कुळी लिहून घेतली असती तर किती बरे झाले असते!

आपल्या सातारा जिल्ह्यातून पहिल्या महायुद्धात पुष्कळ जवान गेले. कित्येक गावांत त्या वेळी सरकारने बसवलेली दगडी पाटी अजून आहे. १९१४ ते १९१९ च्या लढाईत या गावातून इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतकी कामास आली, असे तीवर आकडे आहेत. नाव एकाचेही नाही. दगडसुद्धा जनगणनेसारखाच, मोजतो पण ओळखत नाही.

मंडळी, आता घरचीच गोष्ट सांगतो.

आमची दोन घरे तुम्हा सर्वांना माहीत आहेत. वरच्या आळीचे आम्ही आणि खालच्या आळीचे आमचे भाऊबंद. एकच रक्त, एकच देव्हारा. पण माझ्या जन्माच्या सुमारास बांधावरून काही झाले आणि दोन घरांचे पाणी तुटले. पुढे सुतकही तुटले. त्यांच्याकडे कोणी गेले तर आम्ही दहा दिवस धरीत नव्हतो, ते आमचे धरीत नव्हते. एका चितेला दोन घरांची माणसे खांदा देत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहिले.

आमच्या घरात त्याचे कारण असे सांगितले जाई. माझे आजोबा लहानपणीच पोरके झाले. खालच्या घराच्या थोरल्या बाईने, म्हणजे आजोबांच्या चुलतीने, पोरक्या पोराचा फायदा घेऊन सगळी जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली. मग पोर मोठे झाल्यावर गाव काय म्हणेल म्हणून थोडासा तुकडा दिला. याला पुरावा म्हणून माझ्या चुलत्यांच्या ट्रंकेत एक मोडी कागद होता. तो कोणाला वाचता येत नव्हता. कोणी तरी एकदा वाचून सांगितले होते की सर्व गटांवर त्या बाईचेच नाव आहे. एवढे ऐकून आमच्या दोन पिढ्यांनी तो कागद शाळिग्रामासारखा जपला. यात्रेत पालखीच्या वेळी तोंड फिरवायचे ते त्या कागदाच्या जोरावर.

समितीच्या कामासाठी मी तहसील कचेरीत बसलो होतो. मोडी वाचणारे एक सद्गृहस्थ बरोबर होते. आम्ही १९१८ सालची मृत्यूची वही उघडली. पहिले आठ-नऊ महिने महिन्याला एक-दोन ओळी. ऑक्टोबर उघडला आणि पाने संपेनात. एका महिन्याला चार पाने! सर्व ओळींच्या शेवटी एकच शब्द, ताप, ताप, ताप. वाचणाऱ्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "गुरुजी, ही मानमोडी."

मानमोडी हा शब्द आपण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. तीच ती इन्फ्ल्युएंझाची साथ. जून १९१८ मध्ये ती मुंबईत शिरली, आणि पावसाळा संपता संपता जी दुसरी लाट आली ती खेड्यापाड्यांत पसरली. त्या वर्षी मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे या साथीने गेली. त्यात पावसाने दगा दिलेला, धान्य महाग झालेले. हातातोंडाशी आलेली तरुण माणसे जास्त गेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत सबंध देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तसे जनगणनेच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही दशकात झालेले नाही. आपण २०२० साली करोनाची साथ पाहिली, गावाच्या वेशीला लाकडे आडवी टाकून बसलो, तेव्हा आपल्याला वाटले असे कधी झालेच नव्हते. झाले होते. आपल्याच वहीत लिहिलेले होते.

त्या चार पानांत माझे पणजोबा सापडले. नाव, बापाचे नाव, वय तीस, ताप. तीन दिवसांनी दुसरी ओळ आहे. तेथे नाव नाही. 'अमक्याची बायको, वय पंचवीस, ताप.' ही माझी पणजी. त्यानंतर सहाव्या दिवशी तिसरी ओळ, पणजोबांचा धाकटा भाऊ. नऊ दिवसांत एका घरातून तीन प्रेते निघाली. मागे उरले कोण? धाकट्या भावाची विधवा, तिचे तान्हे मूल, आणि तीन वर्षांचे माझे आजोबा.

मंडळी, आता त्या बाईची अवस्था डोळ्यांपुढे आणा. वय वीस-बावीस. घरात पुरुष नाही. गावात प्रत्येक घरी हीच तऱ्हा, कोण कोणाला सावरणार? एक पोर मांडीवर आणि दुसरे पदराला. दुसरे काही तिच्या पोटचे नव्हे.

मग आम्ही फेरफाराची वही काढली. दोघा भावांची वारसनोंद एकाच दिवशी झालेली आहे. आमच्या ट्रंकेतला कागद या नोंदीचीच नक्कल होती. सर्व गटांवर खरोखरच त्या बाईचे नाव होते, 'अमुक कोम तमुक' असे. कोम म्हणजे बायको. पण नावाच्या आधी दोन मुलांची नावे होती आणि मध्ये तीन अक्षरे होती, अ. पा. क. ही अक्षरे आजही जुन्या सातबारावर दिसतात. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. जमीन मुलांची, ती अज्ञान म्हणून सांभाळणारी ही बाई! आम्ही साठ-सत्तर वर्षे जो कागद चोरीचा पुरावा म्हणून मिरवला, तो तिच्या राखणदारीचा दाखला होता. आम्हाला तीन अक्षरे वाचता आली नाहीत, एवढेच.

पुढची नोंद १९३४ सालची. माझे आजोबा सज्ञान झाले म्हणून अ. पा. क. कमी केले आणि वाटप झाले. आमच्या वाट्याला पाच एकर, खालच्या घराला साडेसात. पाहा, हे वाचून माझ्या मनात क्षणभर जुना राग उसळला. थोडासा तुकडा दिला म्हणत होते ते खरेच की! पण वाचणाऱ्यांनी पुढच्या रकान्यावर बोट ठेवले. तो आकाराचा रकाना, म्हणजे सरकारी साऱ्याचा. आकार जमिनीच्या प्रतीवरून ठरतो. आमच्या पाच एकरांचा आकार त्यांच्या साडेसात एकरांपेक्षा जास्त होता. ती विहिरीकडची काळी जमीन. स्वतःच्या पोटच्या मुलाला तिने माळ ठेवला, आणि पुतण्याला विहीर दिली. खाली तिचा डाव्या हाताचा अंगठा आहे.

मी शिक्षक माणूस. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. आणि माझ्याच घराने न वाचता निकाल दिला होता. ज्या विहिरीचे पाणी पिऊन मी वाढलो, शिकलो, नोकरीला लागलो, ती विहीर ज्या माउलीने दिली तिचे नाव मी कधी चांगल्या शब्दांत ऐकले नव्हते.

त्याच आठवड्यात समितीची बैठक होती. मी दोन्ही नकला घेऊन उभा राहिलो आणि सर्वांसमक्ष वाचून दाखवल्या. खालच्या घराचे आबा कोपऱ्यात बसले होते. त्यांच्या घरातही ही गोष्ट पुरी ठाऊक नव्हती. 'आमच्या आजीने यांना वाढवले आणि हे उलटले' एवढेच त्यांना माहीत. वाचून झाल्यावर मी त्यांच्यापुढे हात जोडले आणि म्हणालो, "आबा, चूक आमची." आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, आमच्या आजीचा अंगठा मला दाखवा." तो त्यांनी पाहिला, कागदावर हात फिरवला आणि कपाळाला लावला. परवा पालखीला दोन्ही घरांचा खांदा एकत्र लागला तो तुम्ही सर्वांनी पाहिलाच आहे.

तर, अध्यक्षमहाराज, हा माझा हिशेब. मूळ पुरुष कोणाचा आधीचा, याचे उत्तर मला कागदात मिळाले नाही. पण मूळ पुरुषापेक्षा घर टिकवणारी माणसे कोण, याचे उत्तर मिळाले, आणि ते बहुतेक ठिकाणी वहीत नाव नसलेल्या बायकांकडे जाते. एका आमच्या घराची ही गोष्ट. त्या ऑक्टोबरच्या चार पानांत तुमच्यापैकी बहुतेक घरांच्या ओळी आहेत. ज्याला पाहावयाच्या असतील त्याने माझ्याकडे यावे, मी बरोबर येतो.

समितीने शिळेचा ठराव बदलला, याबद्दल मी सर्व सभासदांचे आभार मानतो. आता शिळेवर मूळ पुरुषाबरोबर त्या घरातील मिळेल त्या सर्वांत जुन्या स्त्रीचेही नाव कोरले आहे. देणगीदारांपैकी कित्येकांनी स्वतःचे नाव न घालता आईचे किंवा आजीचे नाव घालावे असे आपण होऊन कळवले. मुंबईकर मंडळींनी तर यात पुढाकार घेतला. त्यांच्या या देणगीचे मोल पावतीवरच्या आकड्यापेक्षा मोठे आहे.

एक शल्य मात्र राहिले. माझ्या पणजीचे नाव मला सापडले नाही. तिच्या माहेरच्या गावी गेलो, तेथील वही पाहिली, म्हाताऱ्यांना विचारले. पंचवीस वर्षांची बाई आपल्या तीन वर्षांच्या मुलाला सोडून गेली, आणि तिला काय म्हणून हाक मारीत होते हे सांगणारे आज कोणी नाही. शिळेवर आमच्या घराच्या ओळीत एक जागा मोकळी सोडली आहे, ती तिची.

असे पुढे कोणाच्या बाबतीत होऊ नये म्हणून एक विनंती करतो आणि थांबतो. मंदिराच्या कार्यालयात एक जाड बांधणीची वही ठेवली आहे. प्रत्येक घराने तीत आपल्या चार पिढ्या लिहाव्यात. मुलगे लिहाल तशाच मुली लिहा, त्या कोणत्या गावी दिल्या ते लिहा. सुनेचे माहेरचे नाव आणि गाव लिहा. जे लिहायला येत नाही त्यांनी शाळेतल्या मुलांकडून लिहून घ्यावे. आज घरात जे ऐंशी-नव्वदीचे माणूस आहे त्याच्याजवळ आज रात्रीच बसा. बहात्तरच्या दुष्काळात काय झाले, कोयनेच्या भूकंपाच्या साली कोण जन्मले, अशा खुणांनी विचारले म्हणजे त्यांना साले बरोबर आठवतात. जन्म-मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करण्याचा १९६९ चा कायदा आहे, तोही पाळा. आज जन्मलेल्या मुलीचे नाव उद्याच्या वहीत कोरे राहू नये.

आणि खालच्या घराच्या त्या माउलीचे नाव मी येथे उच्चारत नाही. ते ऐकण्यापेक्षा वाचावे अशी माझी इच्छा आहे. दर्शन घेऊन बाहेर पडताना सभामंडपात उजव्या हाताला शिळा आहे. वरून तिसरी ओळ. आमच्या दोन्ही घरांच्या नावांआधी ते कोरले आहे.

 भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!